आम्ही सातजणी जेवायला गेलो त्याची गोष्ट

(८ मार्चच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभे असलेले दोन-चार भाऊ,

मला संयोजकांनी विषय दिला होता ‘स्त्रिया आणि पोषण’. मी तयारीही केली होती. लोह किती, प्रथिनं किती, पालेभाजीत काय असतं. मग माझ्या लक्षात आलं की हे सगळं तुम्हाला अंगणवाडीताईंनी दहा वेळा सांगितलेलं आहे. पालेभाजीत लोह असतं हे आपल्याला ठाऊक असतं. प्रश्न असा आहे की पालेभाजी आपल्या ताटात येते तेव्हा पातेल्यात किती उरलेली असते. म्हणून आज मी एक घडलेली गोष्ट सांगणार आहे. आम्ही सातजणी एका हॉटेलात जेवायला गेलो, त्याची. हॉटेलचं नाव सांगणार नाही आणि मैत्रिणींचीही नावं सांगणार नाही. त्यांनीच तसं बजावलं आहे.

आमचा गट कल्याणचा. पंधरा वर्षं झाली. दर बुधवारी संध्याकाळी जमतो. मारहाणीच्या केसेस, रेशन कार्डं, पाण्याचा नळ, सगळं केलं. महिन्याला शंभर रुपयांची भिशी आहे. त्या पैशातून कुणाच्या मुलीची फी भरली, कुणाच्या घरावर पत्रे टाकले, कुणाचं ऑपरेशन झालं. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आमची धाकटी, ती मोबाइलच्या दुकानात काम करते, म्हणाली, “यंदा हळदीकुंकू नको, भाषण नको, सगळ्याजणी जेवायला जाऊ. हायवेच्या बाजूला पंजाबी हॉटेल आहे, दुपारी बुफे असतो. माणशी पाचशे. लागेल तेवढं घ्यायचं, कुणी विचारत नाही.”

पाचशे म्हटल्यावर गटात शांतता. मग एकेक सुरू झाल्या. “पाचशेत पंधरवड्याचं तेल येतं.” “आपण काय श्रीमंतांच्या किटी पार्टीतल्या आहोत का?” मी स्वतः म्हणाले, “हा चंगळवाद आहे.” माझं बँकेत आयुष्य गेलं, पेन्शन आहे, आणि तरी हा शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडला. तेव्हा आमची आजी बोलली. आजी म्हणजे परळची खानावळवाली. नवरा गिरणीत आणि घरात वीस गिरणी कामगारांची खानावळ. दोन्ही वेळच्या शंभरावर पोळ्या, आमटी, भाजी. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, नवरा गेला, आजी मुलीकडे कल्याणला आली. आजी म्हणाली, “वीस गड्यांना पोटभर वाढून मी रात्री अकराला पातेलं पुसून खाल्लंय. मी पाचशे देणार. ज्यांना यायचं त्या या.”

या आजीसारख्या खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे आपल्यापैकी जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. सावकाराच्या हातून सोडवून बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरण्यांच्या इतिहासात कामगार असतो, युनियन असते, मालक असतो. त्या कामगाराच्या पोटात सकाळी सहाला काय गेलं आणि ते कुणी शिजवलं, हे सांगायला प्रेमाताईंसारखं कुणीतरी लागतं. असो. आजीने हात वर केल्यावर सगळ्यांचे वर झाले.

आता पुढची गंमत ऐका. हॉटेलात बसल्यावर धाकटीने विचारलं, “घरी काय सांगून आलात?” सातपैकी चौघींनी सांगितलं होतं, “मीटिंग आहे.” अंगणवाडीताई तर म्हणाल्या, “जिल्ह्याची मीटिंग आहे.” आम्ही हसलो, पण विचार करा. मोर्चाला जाते म्हटलं तर आता घरचे फार बोलत नाहीत. कामाला जाते म्हटलं तर बोलण्याचा प्रश्नच नाही, पैसे येतात. देवळात जाते म्हटलं तर उलट पुण्य. पण मैत्रिणींबरोबर नुसतं जेवायला जाते, मला आवडतं म्हणून जाते, हे चौघींना उच्चारता आलं नाही. पन्नाशीच्या बायका, दुसऱ्यांची भांडणं सोडवणाऱ्या, पोलीस चौकीत आवाज चढवणाऱ्या. पाकिस्तानात कराचीच्या मुलींनी २०१५ च्या सुमारास ढाब्यावर बसून चहा प्यायचा आणि स्वतःचे फोटो टाकायचे, अशी मोहीम सुरू केली होती. ‘गर्ल्स ॲट ढाबाज’ तिचं नाव. तेव्हा मला वाटलं होतं, चहा पिण्याची कसली मोहीम? आता वाटत नाही.

दाराशी उभ्या असलेल्या माणसाने आम्हाला विचारलं, “जेंट्स मागून येतायत का?” आम्ही म्हटलं, नाही. तो म्हणाला, “मग फॅमिली नाही.” फॅमिलीसाठी आत पंख्याखालची मोठी टेबलं होती. आम्हाला तो बेसिनजवळ बसवायला लागला. आजी म्हणाली, “बाबा, आम्ही सातजणी मिळून सव्वीस माणसं वाढवली आहेत. आणखी किती फॅमिली पाहिजे?” तो पोरगा हसला आणि त्याने आम्हाला मोठं टेबल दिलं. सांगायचं कारण असं की हॉटेलच्या भाषेत बाई म्हणजे फॅमिली, पण पुरुष बरोबर असला तरच.

मग आम्ही बुफेच्या टेबलाशी गेलो. एका टोकाला थाळ्यांची चळत. पुढे आलू टिक्की, पापडी चाट, छोले, राजमा, दाल मखनी, पनीर, एका बाजूला वेगळी पाटी लावून मुर्ग मखनी, जीरा राईस, बुंदी रायता, शेवटी गाजर हलवा आणि गुलाबजाम. वाफा येत होत्या. आणि आम्ही सातजणी त्या टेबलासमोर उभ्या. काय झालं असेल? कुणी थाळी उचलेना. “तुम्ही घ्या आधी.” “नाही, तू घे.” “आजींना आधी.” “मला कसली घाई?” मागे रांग लागली. एक गृहस्थ चिडून म्हणाले, “मॅडम, आगे बढो!” वाढपी नाही, घरचं कुणी नाही, अन्न संपणार नाही, पैसे भरलेले, तरी पहिली थाळी उचलायला बाईचा हात धजत नाही. मला त्या क्षणी कुठल्याही शिबिरात शिकले नाही एवढं समजलं.

शेवटी धाकटीने थाळी उचलली. तिला असलं काही वाटत नाही, हे पंधरा वर्षांत गटाने केलेलं चांगलं काम आहे, असं मी मानते.

आमच्यात एक मावशी आहे. ती लोकांच्या घरी पोळ्या करते. सकाळी साडेसहाला सुरुवात, सहा घरं, रोजच्या सव्वाशेच्या आसपास पोळ्या. बावीस वर्षं हेच काम. मावशीने काय केलं? आपल्या थाळीत दोन चमचे भात घेतला आणि उरलेला वेळ आम्हाला वाढत राहिली. कुणाला पाणी आण, कुणाला चमचा आण. पाच मिनिटांत जेवली आणि म्हणाली, “माझं झालं.” धाकटीने तिला हात धरून खाली बसवलं. तेवढ्यात वाढपी पोरगा तव्यावरच्या नव्हे, भट्टीतून काढलेल्या रोट्या घेऊन टेबलाशी आला आणि त्याने पहिली रोटी मावशीच्या थाळीत टाकली. मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ही लाटलेली नाही. हातावर थापलीये.” आणि उठून भट्टी बघायला गेली.

भट्टी काचेमागे होती. मावशीने दाराशी उभी राहून तिथल्या कारागिराला आपल्या मोडक्या हिंदीत सगळं विचारून घेतलं. तो टिहरी गढवालकडचा. गोळा दोन्ही तळव्यांवर फिरवून मोठा करायचा, कापडाच्या गादीवर ठेवायचा, भट्टीच्या भिंतीवर आतून थापायचा आणि सळईने ओढून काढायचा. मावशीने विचारलं, पगार किती? त्याने सांगितला. राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण वेगळं. मावशीच्या सहा घरांचं मिळून त्याच्या निम्मं होत नव्हतं. मग मावशीने विचारलं, “घरी गेल्यावर बायकोला करून घालतोस का?” तो लाजला. म्हणाला, “घर में तो माँ और घरवाली बनाती है. मैं चूल्हे को हाथ नहीं लगाता.”

मैत्रिणींनो, हे तंदूरचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. पंजाबच्या खेड्यांत सांझा चूल्हा असायचा. सामाईक तंदूर. संध्याकाळी बायका घरून पीठ मळून आणायच्या आणि तिथे बसून रोट्या लावायच्या. आपल्याकडे विहिरीवर व्हायच्या तशा तिथे गप्पा व्हायच्या. म्हणजे तंदूर हे बायकांचं काम होतं, त्याला पगार नव्हता. १९४७ साली फाळणी झाली. पेशावरकडून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनी दिल्लीत दरियागंजला ‘मोती महल’ सुरू केलं, तंदूर हॉटेलात आला, आणि तिथून सगळ्या देशात आणि देशाबाहेर पसरला. आज आपण ज्याला पंजाबी जेवण म्हणतो त्यातलं बरंचसं असं घर गमावलेल्या माणसांच्या कष्टातून आलेलं आहे, त्यांचा मान ठेवूनच मी बोलते. पण बघा, तंदूर बाजारात आला, त्याला पगार चिकटला, आणि तो बाप्यांचा झाला. मुर्ग मखनी आणि दाल मखनी मुळात कुणी शोधली यावरून २०२४ साली दिल्ली हायकोर्टात दावा दाखल झाला. दोन्ही बाजूंनी नावं पुरुषांची. आजी म्हणाली, “पिठलं कुणी शोधलं? आम्ही कुठल्या कोर्टात जावं?”

आणि फाळणीत जे हरवलं ते सगळंच हॉटेलच्या पाट्यांवर येत नाही. त्या काळातल्या पळवलेल्या, ‘परत मिळवलेल्या’, घरच्यांनीच विहिरीत ढकललेल्या बायकांच्या कहाण्या उर्वशी बुटालिया यांनी आणि रितू मेनन-कमला भसीन यांनी १९९८ साली पुस्तकांतून मांडल्या. तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

आता माझ्यावर येते. मावशी भट्टी बघून परत आली, रोटी तोवर कोमट झाली होती. त्या पोराने न सांगता दुसरी गरम आणून टाकली. मावशी म्हणाली, “ताई, बावीस वर्षांत माझ्या ताटात कुणी गरम पोळी वाढली नव्हती.” ती हे कुणावर रागावून बोलली नाही. तिने नुसतं सांगितलं. पण टेबलावर मी गप्प झाले, कारण मैत्रिणींनो, त्या सहा घरांतलं एक घर माझं आहे. अकरा वर्षं.

मी सगळ्यांना छातीठोक सांगायचे की आमच्याकडे मावशीचा कप वेगळा नाही. खरंच नाही. पण मावशी चहा पिते ती ओट्याशी उभी राहून. माझ्या घरात चार खुर्च्या आहेत. मी तिला कधी ‘बसू नको’ म्हटलं नाही आणि कधी ‘बस’ही म्हटलं नाही. सणाला मी तिला डबा भरून देते, तो आदल्या रात्रीचा असतो. तिच्या हातची गरम पोळी मी आणि माझे यजमान रोज खातो आणि ती पुढच्या घरी पळते. बुधवारी आम्ही दोघी एका सतरंजीवर बसून स्त्रीमुक्तीवर बोलतो. गुरुवारी सकाळी मी खुर्चीवर आणि ती उभी. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला, त्याच्या नोंदणीचे फॉर्म मी शेकडो बायकांना भरून दिले आहेत. मावशीचाही मीच भरला. फॉर्म भरला आणि माझं कर्तव्य संपलं, असं मला वाटत होतं.

हे सांगताना मला त्रास होतो आहे. पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणींच्या घरी कुणी ना कुणी कामाला येत असेल आणि उरलेल्या निम्म्या कुणाच्या ना कुणाच्या घरी कामाला जात असतील. आपल्या चळवळीत हे दोन्ही एकाच सतरंजीवर आहेत. म्हणून हे एकमेकींसमोर बोलायला हवं.

गोष्ट अजून संपली नाही. संडास मागच्या बाजूला होता. तिथे जाताना बोळात मोठमोठी पातेली घासत एक बाई बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही इथं?” मीही ओळखलं. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन ती आमच्याकडे आली होती. आता वेगळी राहते, दोन मुलं आहेत. मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, “चारला. बुफे उठला की उरलेलं मिळतं. नाही उरलं तर चहा-पाव. घरी न्यायला परवानगी नाही, उरलेलं टाकतात.” टेबल पुसणाऱ्या पोरांना दुपारी बाराला जेवण मिळतं, कारण त्यांना गिऱ्हाइकांसमोर उभं राहायचं असतं. पगारही पोरांना तिच्यापेक्षा जास्त. आठवड्याची सुट्टी तिला नाही.

मी टेबलावर येऊन सांगितलं. गुलाबजाम वाट्यांत तसेच राहिले. दोघी म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता मॅनेजरला जाब विचारू. समान कामाला समान वेतनाचा कायदा आहे, सोडायचं नाही. मीही उठले होते. आजी म्हणाली, “बस खाली. आपण बिल देऊन घरी जाणार. उद्या कामावर ती येणार. आधी तिला विचार.” मी परत मागे गेले. ती म्हणाली, “ताई, आज काही बोलू नका. माझं काम जाईल. मी बुधवारी येते.” आम्ही गप्प बसलो. आपल्याला वाटतं आवाज उठवला म्हणजे धैर्य. कधी कधी आपल्या आवाजाची किंमत दुसरीला मोजावी लागते, हे आजीला कळतं, कारण ती बिन पेन्शनची आहे.

ती बुधवारी आली. पुढच्या बुधवारी आणखी दोघींना घेऊन आली, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या हॉटेलांत भांडी घासणाऱ्या. आम्ही त्यांना समान वेतनाचं सांगितलं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते आणि दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हा २०१३ चा कायदा सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपली पहिली मागणी ठरवली. कुठली? “आम्हालाही बाराला जेवण पाहिजे, पोरांच्या बरोबर.” तिघींनी आपापल्या ठिकाणी एकाच दिवशी मागितली. दोन ठिकाणी मिळालं. एका ठिकाणी, आम्ही गेलो होतो तिथेच, अजून नाही. पगाराचं आणि सुट्टीचं भांडण बाकी आहे. फार मोठं यश म्हणून मी हे सांगत नाही.

आता तो पोषणाचा विषय. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. महाराष्ट्रात ५४. त्याच वयाच्या पुरुषांत २५. घर एकच, चूल एकच, पातेलं एकच. मग हा फरक कुठून आला? पाळी, बाळंतपणं आहेतच. पण कोण आधी जेवतं आणि कोण शेवटी, हे त्यात नाही असं कुणी मला सांगू नये. आणि सरकारचीच वेळेच्या वापराची पाहणी आहे. २०१९ साली घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होती आणि घरकाम करणारा पुरुष ९७. २०२४ साली बाईची २८९ झाली. म्हणजे दहा मिनिटं वाचली. पुरुषाची ८८ झाली. त्याचीही नऊ मिनिटं वाचली! बाईचा भार हलका झाला म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या, तर तो गडीही जरा निवांत झालेला आहे.

पंगतीत सगळ्यांनी एकत्र बसावं, ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये आपल्यापैकी कितीतरीजणी जेवल्या असतील. तिथे राव-रंक एका ओळीत बसतात. शिखांच्या दुसऱ्या गुरूंच्या पत्नी माता खीवी यांनी लंगरची व्यवस्था सांभाळली, आणि त्यांचं नाव गुरू ग्रंथसाहिबात आलेलं आहे. धर्मग्रंथात बाईचं नाव यावं ते लोकांना जेवू घातल्याबद्दल, याचं मला कौतुकही वाटतं आणि थोडी चुटपुटही लागते. जेवू घालणारीची आठवण ठेवतात. ती जेवली का, हे विचारलेलं मला अजून कुठल्या पोथीत दिसलं नाही.

तेव्हा मी तुम्हाला तीनच कामं देते. एक, आज घरी गेल्यावर बघा, शेवटची पोळी कोण खातं आणि ती किती गार असते. नुसतं बघा, लिहून ठेवा, पुढच्या बैठकीत सांगा. दोन, तुमच्याकडे जी कामाला येते तिला बसायला खुर्ची आहे का, हे स्वतःला विचारा. तीन, ज्या हॉटेलात जाल तिथे मागच्या बोळात एक चक्कर मारा. पण बोलण्याआधी तिला विचारा.

माझ्या घरी काय झालं, तेही सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल ताई नुसतं बोलते. आता मावशी येते तेव्हा पोळ्या मी लाटते आणि ती भाजते. पहिल्या दोन ती बसून खाते. सुरुवातीला दोघींनाही फार अवघड झालं. ती म्हणाली, “ताई, तुमची पोळी वातड होते.” होतेच. मला वीस मिनिटं जास्त लागतात आणि मावशीला पुढच्या घरी उशीर होतो, म्हणून तिने माझं घर शेवटी घेतलं आहे. पगार वाढवला, तो काही उपकार नव्हता. यजमानांना दोन दिवस गार पोळी मिळाली. तिसऱ्या दिवशी ते लाटायला आले. त्यांच्या तर त्रिकोणी होतात.

पुढच्या महिन्यात आमची भिशी पुन्हा जेवायला जाणार आहे, दुसऱ्या हॉटेलात. भांडी घासणाऱ्या त्या मैत्रिणीलाही बोलावलं आहे. तिला सुट्टी मिळाली पाहिजे, त्यावर तारीख अडली आहे. ती मिळाली की कळवते. ज्यांना यायचं त्यांनी घरी खरं कारण सांगून यावं.